सहावा डिप: दक्षिण ऑस्ट्रेलिया, २८ सप्टेंबर २०१६

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दुपारी ३ वाजून ४८ मिनिटांनी दक्षिण ऑस्ट्रेलिया या संपूर्ण राज्याची वीज गेली. सुमारे साडेआठ लाख ग्राहक एकाच वेळी बंद पडले. वादळाने २७५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनचे टॉवर आडवे केले होते, त्यामुळे वादळ हेच कारण असे पहिल्या दिवशी सर्वांनी धरले. दुसऱ्या दिवसापासून वाद सुरू झाला तो वेगळाच: पवनचक्क्यांवर इतके अवलंबून राहिल्यामुळेच हे घडले का?

दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. टॉवर पडल्याने सगळे राज्य बंद पडायला नको होते, आणि वारा त्या वेळी भरपूर होता. मधला दुवा होता टर्बाइनच्या कंट्रोलरमधला एक आकडा: ठरावीक काळात व्होल्टेज डिप, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक घसरण, किती वेळा सोसायची याची मर्यादा. पवन प्रकल्पाची ग्रिड जोडणी करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने वाचावे, कारण ट्रान्सफॉर्मर, केबल, ब्रेकर यांपैकी काहीही निकामी झाले नव्हते. सगळे यंत्र सांगितल्याप्रमाणेच वागले. त्याला काय सांगून ठेवले आहे, हे मात्र ग्रिड चालवणाऱ्यांना माहीत नव्हते.

वेळेबद्दल एक खुलासा आधीच करायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील वीजबाजाराची घड्याळे पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालतात आणि त्या दिवशी ती दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. म्हणून ग्रिडचालक संस्था एईएमओच्या अहवालात हीच घटना १६:१८ ची दिसते. पुढे सगळीकडे तीच वेळ वापरली आहे.

घटनेच्या आधीचे चित्र

राज्याची त्या क्षणीची गरज १,८२६ मेगावॅट होती. त्यातले ८८३ मेगावॅट पवनचक्क्यांकडून, ३३० मेगावॅट गॅसच्या संचांकडून आणि ६१३ मेगावॅट शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येत होते. आयात दोन मार्गांनी होत होती. हेवूडचा एसी दुवा मोठा आणि मुरेलिंकचा डीसी दुवा लहान. फ्रिक्वेन्सीच्या दृष्टीने खरे नाते फक्त एसी दुव्याचे असते. हेवूडमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियाची फ्रिक्वेन्सी सबंध पूर्व ऑस्ट्रेलियाच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली होती. तो दुवा तुटला की राज्य एकटे पडणार, आणि मग फिरत्या यंत्रांची जी काही जडत्व-ऊर्जा राज्यात शिल्लक असेल तिच्यावर पहिला सेकंद काढायचा. ती त्या दिवशी सुमारे ३,००० मेगावॅट-सेकंद होती.

एवढ्या ग्रिडसाठी हा साठा फार थोडा आहे. किती थोडा, ते पुढे हिशोबात दिसेल.

८७ सेकंद

१६:१६:४६ ते १६:१८:१३ या ८७ सेकंदांत ट्रान्समिशन व्यवस्थेवर पाच फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखे दोष) झाले. पहिला ॲडलेड परिसरातल्या ६६ केव्ही लाइनवर. मग उत्तरेकडे ब्रिंकवर्थ–टेम्पलर्स वेस्ट, डेव्हनपोर्ट–बेलाली आणि डेव्हनपोर्ट–माउंट लॉक या २७५ केव्हीच्या तीन लाइन गेल्या; त्यांपैकी एकीवर फॉल्ट दोनदा झाला. ताशी १९० ते २६० किलोमीटर वेगाच्या दोन टोर्नेडोंनी एक सिंगल सर्किट आणि एक डबल सर्किट लाइन पाडली, आणि ही दोन ठिकाणे एकमेकांपासून सुमारे १७० किलोमीटर दूर होती.

फॉल्ट पाच, पण पवनचक्क्यांना जाणवलेले व्होल्टेज डिप सहा. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑटो-रीक्लोज असलेली लाइन ट्रिप होते, काही क्षणांनी ब्रेकर पुन्हा लागतो, आणि दोष तसाच असेल तर तोच फॉल्ट ग्रिडला दुसऱ्यांदा डिप देतो. संरक्षण अभियंत्याच्या वहीत ती एक घटना असते, टर्बाइनच्या काउंटरमध्ये दोन. जोडणीच्या अभ्यासात 'वर्षाला इतके फॉल्ट' असा आकडा घेऊन टर्बाइनचे काम मोजले, तर ते हमखास कमी मोजले जाते.

प्रत्येक डिपमध्ये पवनचक्क्या ग्रिडला धरून राहिल्या. राइड-थ्रूची, म्हणजे डिपमध्येही ग्रिडला जोडलेले राहण्याची, एकेका डिपची परीक्षा त्या सगळ्या पास झाल्या, म्हणूनच पहिल्या काही फॉल्टनंतर नियंत्रण कक्षात घाबरण्यासारखे काही दिसले नाही. त्यानंतर राज्याच्या मध्य-उत्तर भागातल्या नऊ पवन प्रकल्पांनी सात सेकंदांहून कमी वेळात मिळून ४५६ मेगावॅट उत्पादन सोडले आणि ते परत आले नाही. त्यांच्या टर्बाइनांत दोन मिनिटांच्या खिडकीतली डिपची मर्यादा भरली होती.

टर्बाइन डिप मोजतेच कशाला

ही मर्यादा कुणाच्या निष्काळजीपणातून आली नव्हती. उत्पादकाकडे तिला सबळ कारण असते. ते समजून घेतले नाही तर जोडणीच्या बैठकीत 'मर्यादा काढून टाका' एवढेच म्हटले जाते, आणि मग एक तर उत्पादक नकार देतो किंवा टर्बाइन जळते.

पूर्ण कन्व्हर्टर (सगळी वीज आधी डीसी आणि मग ग्रिडजोगी एसी करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) असलेली २.५ मेगावॅटची टर्बाइन घेऊ. ती पूर्ण भारावर चालू आहे आणि तिच्या टोकाशी, म्हणजे ६९० व्होल्टच्या बाजूला, व्होल्टेज २० टक्क्यांवर कोसळले. कन्व्हर्टरचा करंट रेटेड मर्यादेपलीकडे फारसा जाऊ शकत नाही, त्यामुळे ग्रिडमध्ये जास्तीत जास्त ०.५ मेगावॅट जाईल. वारा मात्र २.५ मेगावॅट देतोच आहे आणि पाती वळायला वेळ लागतो. उरलेले २ मेगावॅट कन्व्हर्टरच्या मधल्या डीसी भागात, म्हणजे डीसी लिंकवर, साचू लागतात आणि तिचे व्होल्टेज वाढू नये म्हणून चॉपर ती ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळतो. फॉल्ट १५० मिलिसेकंदांत तुटला तर ३ लाख ज्यूल. त्यानंतर उत्पादन एका झटक्यात परत येत नाही. समजा अर्ध्या सेकंदात ते सरळ रेषेत पूर्ववत झाले, तर सरासरी १ मेगावॅटप्रमाणे आणखी ५ लाख ज्यूल. एका डिपचे झाले ८ लाख ज्यूल.

रेझिस्टरमध्ये २० किलो मिश्रधातू आहे असे धरले, तर त्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १० हजार ज्यूल लागतात. म्हणजे एका डिपला ८० अंश. थंड व्हायला मिनिटे लागतात आणि पुढचा डिप दहा सेकंदांत येतो. सहा डिप पाठोपाठ आले तर ४८० अंश. वास्तवात रोटर थोडा वेग घेऊन काही ऊर्जा स्वतःत साठवतो, त्यामुळे आकडा खाली येतो. पण उत्पादकाला नेमकी कशाची धास्ती असते ते यातून कळते. डीएफआयजी टर्बाइनमध्ये (जिथे जनरेटर थेट ग्रिडला आणि फक्त त्याचा रोटर कन्व्हर्टरला जोडलेला असतो) जागा बदलते, तत्त्व तेच राहते: तिथे क्रोबार, म्हणजे रोटरचा जादा करंट जिरवणारे सर्किट, तापतो, आणि प्रत्येक डिपला शाफ्ट व गिअरबॉक्सला पीळ बसतो. लागोपाठचे पीळ एकमेकांत मिसळले तर ते एकट्या डिपपेक्षा वाईट.

तापमान थेट मोजणे किंवा त्याचे थर्मल मॉडेल चालवणे हा चांगला उपाय. 'अमुक मिनिटांत अमुक वेळा' असा काउंटर लावणे हा सोपा उपाय. काउंटरला डिप किती खोल होता याची पर्वा नसते. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तरी एक आणि २० टक्क्यांवर आले तरी एकच. वरच्या उदाहरणात ८० टक्क्यांचा डिप फॉल्टच्या काळात ७५ हजार ज्यूल देतो, २० टक्क्यांचा ३ लाख. रेझिस्टर अजून कोमट असताना काउंटर भरू शकतो, हा या पद्धतीतला खरा दोष.

पाऊण सेकंदाचा हिशोब

४५६ मेगावॅट गेल्यावर ती पोकळी भरायला हेवूडचा दुवा आपोआप पुढे आला, कारण एसी दुव्याला दुसरा पर्याय नसतो. त्यावरचा प्रवाह ८५० ते ९०० मेगावॅटपर्यंत चढला. दुवा एवढे वाहण्यासाठी नव्हताच. दोन राज्यांमधला फेज-कोन (दोन्हीकडच्या एसी लहरींमधले अंतर) उघडत गेला, व्होल्टेज खाली बसले, आणि शेवटच्या पवन प्रकल्पाचे उत्पादन घटल्यानंतर सुमारे ७०० मिलिसेकंदांत संरक्षणाने दुवा तोडला. ते संरक्षण तिथे असायलाच हवे होते. ते नसते तर दोन ग्रिड एकमेकांपासून सुटलेले असतानाही तारेने जोडलेले राहिले असते आणि नुकसान व्हिक्टोरियातही पोचले असते.

आता राज्य एकटे. तूट साधारण ८५० मेगावॅट, साठा ३,००० मेगावॅट-सेकंद. फ्रिक्वेन्सी घसरण्याचा वेग काढायचा तर तूट गुणिले ५० (ग्रिडची नेहमीची फ्रिक्वेन्सी, हर्ट्झमध्ये), भागिले साठ्याची दुप्पट: ८५० × ५० ÷ ६,००० म्हणजे सेकंदाला सुमारे ७ हर्ट्झ. व्होल्टेज पडल्यावर भारही कमी होतो, म्हणून प्रत्यक्ष वेग थोडा कमी, पण ६ हर्ट्झच्या वर होता.

कमी फ्रिक्वेन्सीला भार सोडणारे रिले अशा वेळेसाठीच बसवलेले असतात. ते ४९ हर्ट्झपासून टप्प्याटप्प्याने फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइन) सोडत जातात. ६ हर्ट्झच्या वेगाने ४९ वरून ४७ वर यायला लागतो एक तृतीयांश सेकंद. तेवढ्यात रिलेने काही सायकल (एसीची आवर्तने) मोजून खात्री करायची, आदेश द्यायचा, ब्रेकरने कॉन्टॅक्ट उघडून चाप विझवायचा, आणि हे सर्व टप्प्यांत. ही योजना सेकंदाला सुमारे ३ हर्ट्झपर्यंतच कामाची होती. उलटा हिशोब केला तर ३,००० मेगावॅट-सेकंदांच्या साठ्यावर ३ हर्ट्झची मर्यादा पाळायची असेल, तर अचानक तूट ३६० मेगावॅटच्या वर जाऊन चालत नाही. त्या दिवशी आयातच ६१३ होती. ४७ हर्ट्झखाली उरलेले संच सुटले आणि राज्य बंद झाले.

वीज परत आणतानाही अडचणी आल्या. स्वतःच्या बळावर सुरू होण्यासाठी करारबद्ध असलेल्या दोन केंद्रांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही, आणि उभारणी मुख्यतः व्हिक्टोरियाकडून हेवूडमार्गे वीज आणून करावी लागली. मध्यरात्रीपर्यंत परत देता येण्याजोग्या भारापैकी ८० ते ९० टक्के परत आला. उत्तरेकडचे शेवटचे ग्राहक ११ ऑक्टोबरला जोडले गेले.

हा आकडा आधी कुणाला का दिसला नाही

पवन प्रकल्प ग्रिडला जोडण्याआधी चालक संस्थेला त्याचे संगणकीय मॉडेल दिले जाते. त्यावर फॉल्ट टाकून प्रकल्प टिकतो का ते पाहतात. नेहमीची पद्धत अशी: एक फॉल्ट, ठरलेल्या वेळेत तो तुटतो, पुढे दहा-वीस सेकंद प्रतिसाद पाहायचा, निकाल लिहायचा. दोन मिनिटांच्या खिडकीत मोजणारा काउंटर अशा चाचणीत उघडा पडण्याची शक्यताच नाही. त्यात भर म्हणजे मॉडेलमध्ये तो काउंटर घातलेलाच नव्हता. एईएमओला या सेटिंगची कल्पना घटनेनंतरच्या तपासात आली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. प्रत्येक प्रकल्पाचा अभ्यास स्वतंत्र होतो, पण सेटिंग टर्बाइनच्या मॉडेलबरोबर येते. एकाच पट्ट्यात एकाच प्रकारच्या टर्बाइन असलेले प्रकल्प कागदावर वेगवेगळे असले, तरी डिपच्या दृष्टीने ते एकच मोठे यंत्र असतात. ग्रिड राखीव क्षमता ठेवताना 'सर्वांत मोठा एक संच गेला तर' असा विचार करते. इथे गेलेल्या ४५६ मेगावॅटचा संच कुठल्याच यादीत नव्हता. याउलट ज्या प्रकल्पांच्या टर्बाइनांत मर्यादा जास्त होती, ते त्याच वादळात, त्याच डिपांत चालू राहिले.

घटनेनंतर काही दिवसांतच उत्पादकांशी बोलून बहुतेक प्रकल्पांची मर्यादा वाढवली गेली. म्हणजे टर्बाइनचे लोखंड आणि तांबे आधीपासून सक्षम होते. आकडा बदलायला एवढे मोठे संकट यावे लागले, याचे वाईट वाटते.

२०१९ मध्ये नियामक संस्थेने चार कंपन्यांवर संघीय न्यायालयात कारवाई केली. मुद्दा असा होता की टर्बाइनमध्ये अशी संरक्षण सेटिंग होती जिला एईएमओची लेखी मंजुरी नव्हती. न्यायालयाने दंड ठोठावले.

जोडणीच्या वेळी काय पाहावे

पहिले काम यादीचे. टर्बाइनला ग्रिडपासून सोडवू शकणारी प्रत्येक सेटिंग लेखी मागवावी: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फ्रिक्वेन्सी बदलाचा वेग, फेज-कोनातली उडी, असंतुलन, आणि मोजणारे सगळे काउंटर. काउंटर केवळ दोन मिनिटांचे नसतात. अर्ध्या तासाचे, दिवसाचे काउंटरही सापडतात. उत्पादकाच्या पासवर्डमागे असलेल्या सेटिंग वगळलेल्या नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. नेमक्या तिथल्याच सेटिंग यादीतून गळतात.

काउंटर कोणत्या व्होल्टेजला एक मोजतो, तेही विचारावे. उंबरठा ९० टक्क्यांवर असेल आणि दूरच्या फॉल्टनेही टर्बाइनच्या टोकाशी ८८ टक्के येत असतील, तर काउंटर निष्कारण भरत जातो. इथे मोजण्याची जागा महत्त्वाची. करार २७५ किंवा १३२ केव्हीच्या जोडणी-बिंदूवर बोलतो, काउंटर ६९० व्होल्टवर मोजतो. मध्ये उपकेंद्राचा मुख्य ट्रान्सफॉर्मर, ३३ केव्हीचे केबल आणि टर्बाइनचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. डेल्टा वाइंडिंग मध्ये आले की वरचा एक फेज-ते-जमीन फॉल्ट खाली दोन फेजांतला उथळ डिप होऊन पोचतो, आणि झीरो सिक्वेन्स (तिन्ही फेजांत सारखाच असलेला, जमिनीमार्गे जाणारा भाग) तर पोचतच नाही. अभ्यासाचे आलेख दोन्ही ठिकाणचे मागावेत.

मग डिपांची मालिका. एक खोल डिप देऊन समाधान मानू नये. खोल, उथळ, एक फेज, तीन फेज अशी मिश्र मालिका, त्यात रीक्लोजचे दुहेरी डिप आणि मधली अंतरे काही सेकंदांपासून अर्ध्या सेकंदापर्यंत. मॉडेल कन्व्हर्टरच्या प्रत्यक्ष कोडवर आधारलेले असावे आणि त्यात चॉपरचे तापमान दिसावे. ते उपलब्ध नसेल तर कंट्रोलरचे खरे कार्ड सिम्युलेटरला जोडून चाचणी घ्यावी.

सहायक पुरवठ्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कन्व्हर्टर टिकला, पण शीतकरण पंपाचा एसी कॉन्टॅक्टर व्होल्टेज निम्म्यावर येताच एक-दोन सायकलमध्ये सुटला, तर टर्बाइन काही सेकंदांनी तापमानाच्या अलार्मवर बंद होते. नोंदीत कारण 'कूलिंग' दिसते आणि फॉल्टशी असलेला संबंध हरवतो. पाती वळवणाऱ्या पिच यंत्रणेची बॅटरी, कंट्रोलरचा यूपीएस, हवामान-सेन्सरचा पुरवठा, सगळे या नजरेने तपासावे. यूपीएसची बॅटरी लागोपाठच्या डिपांमध्ये पुन्हा भरते का, हाही प्रश्न त्यातच येतो.

उपकेंद्रात ३३ केव्ही फीडरवर अंडरव्होल्टेज रिले असेल तर त्याची वेळ टर्बाइनच्या राइड-थ्रू वक्राच्या बाहेर ठेवावी. हा रिले बहुधा केबल आणि ट्रान्सफॉर्मरचा विचार करून दुसऱ्याच कंत्राटदाराने लावलेला असतो. टर्बाइन टिकतात आणि पाच-सहा टर्बाइनांचा अख्खा फीडर हा रिले सोडतो. स्टॅटकॉम (व्होल्टेज सावरण्यासाठी रिॲक्टिव्ह पॉवर देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) असेल तर त्यालाही डिपची स्वतःची मर्यादा असू शकते. ती टर्बाइनपेक्षा कमी निघाली, तर डिपच्या मध्येच रिॲक्टिव्ह आधार जातो.

नोंदयंत्राशिवाय यातले काही सिद्ध होत नाही. स्काडाची (दूरनियंत्रण व देखरेख यंत्रणेची) चार सेकंदांनी येणारी नोंद इथे निरुपयोगी आहे: दहा-पंधरा सायकलचा डिप दोन नोंदींच्या मधून निसटतो. जोडणी-बिंदूवर आणि प्रत्येक ३३ केव्ही फीडरवर सेकंदाला हजारांनी नमुने घेणारा, उपग्रहाच्या घड्याळाला बांधलेला रेकॉर्डर हवा, आणि टर्बाइनचे घड्याळही त्याच वेळेवर चालणारे हवे.

पुढे नियम कसा बदलला

२०१८ मध्ये राष्ट्रीय वीज नियमांत नव्या उत्पादकांसाठी अनेक डिप सोसण्याची अट स्पष्ट शब्दांत आली. उच्च मानकानुसार पाच मिनिटांत १५ पर्यंत, किमान मानकानुसार पाच मिनिटांत ६. सोबत डिपची खोली आणि दोन डिपांमधले अंतर यांच्याही अटी आहेत, त्यामुळे नुसता काउंटर वाढवून हे मानक गाठता येत नाही. चॉपरचा रेझिस्टर आणि त्याला थंड करणारी हवा किंवा पाणी यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

जडत्वाच्या बाजूने, घटनेनंतर लगेचच हेवूडचा प्रवाह असा मर्यादित केला गेला की तो तुटला तरी फ्रिक्वेन्सी सेकंदाला ३ हर्ट्झपेक्षा वेगाने पडू नये. २०१७ च्या अखेरीस हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्टस्टाउन येथे दोन-दोन सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता ग्रिडबरोबर फिरत राहून जडत्व देणारी यंत्रे) फ्लायव्हीलसह चालू झाले.

जुन्या प्रकल्पांना ही नवी अट आपोआप लागत नाही. तिथे सेटिंग बदलल्याची नोंद, मॉडेलची नवी आवृत्ती आणि टर्बाइनमधले प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ही तिन्ही जुळतात का, हे हाताने तपासावे लागते. कंट्रोलर कार्ड बदलले किंवा सॉफ्टवेअर नवे टाकले की काउंटर कारखान्यातल्या मूळ आकड्यावर परत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर सगळ्या टर्बाइनांची पॅरामीटर फाइल उतरवून मंजूर फाइलशी ओळीने ओळ ताडून पाहावी, आणि फरक निघालेली टर्बाइन दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी.